दंडावरचा वण

चवथीला आमच्या जोयडा तालुक्यातली घरं भरतात. एरवी वाडीत म्हातारी माणसं आणि राखणीची कुत्री. पण गणपतीच्या आदल्या दिवशी अनमोडचा घाट चढून गोव्याच्या गाड्या येऊ लागल्या, की रामनगरच्या नाक्यावर उभं राहून कोण कुणाचा मुलगा हे ओळखण्याचा खेळ आम्ही निवृत्त मंडळी खेळतो. कुणी वेर्ण्याच्या कारखान्यात, कुणी हॉटेलात, कुणी गॅरेजात. शेत घाटावर आणि पैसा घाटाखाली, अशी आमची वाटणी झालेली आहे. सुपे गाव काळी नदीच्या धरणात गेलं तेव्हा आमचं घर उठून रामनगरला आलं. त्यानंतरची पिढी पाण्यासारखीच उताराकडे वाहत गेली म्हणायला हरकत नाही.

२०१८ च्या चवथीला माझा भाचा आला तो खोकत. आक्काची वाडी जोयड्याच्या अलीकडे, रस्ता सोडून आत. मी दरवर्षी पूजा सांगायला तिथं जातो. (भटजी मिळत नाहीत म्हणून, मास्तराला सगळं येतं असा वाडीचा समज आहे.) पहिल्या रात्री पोर उशीला टेकून बसून होतं. श्वास सोडताना छातीत मांजरीचं पिल्लू कण्हावं तसा आवाज. आक्कानं आलं, मिरी आणि तुळशीचा काढा केला. दुसऱ्या रात्री तो थोडा झोपला. तिसऱ्या दिवशी आवाज गेला आणि पाचव्या दिवशी विसर्जनाला जाताना आरतीत सगळ्यांच्या वर त्याचाच गळा. आक्का म्हणाली, "गणपतीनं ऐकलं बघ." मीही मान डोलावली. काढ्याचा वाटाही मी मनातल्या मनात धरला.

तो परत गोव्याला गेला आणि आठवड्याच्या आत फोन आला. "मामा, परत सुरू झालंय."

मग तर्क सुरू झाले. गोव्याची हवा दमट, असं एक मत. हवेच्या दमटपणाबद्दल जोयड्याच्या माणसानं बोलू नये, आमच्याकडे श्रावणात खुंटीवरच्या सदऱ्याला बुरशी येते. पण तर्क चालला. खोली कोंदट. खाणं हॉटेलचं. विडी-सिगारेट? ती तो ओढत नाही. आमच्या घराण्यात दमा नाही, त्याच्या वडिलांच्याही नाही. काम कसलं, तर मोटारींना रंग मारण्याचं. डेंटिंग-पेंटिंगच्या एका गॅरेजात २०१६ पासून तो होता. कामाचा संशय आला नाही असं नाही, पण तो स्वतःच म्हणाला, "कामावर काय होत नाही बघा मामा. खोलीवर गेल्यावर, रात्री दोन-तीनला होतंय." झालं. साक्षीदारानंच सांगितल्यावर काम निर्दोष सुटलं आणि आम्ही खोली बदलायला लावली.

हात मात्र त्याचे पहिल्या वर्षापासूनच बिघडले होते. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, मनगटापर्यंत लाली, कातडी मेणकापडासारखी कोरडी होऊन चिरलेली. चवथीला आक्कानं खोबरेल लावायला घेतलं तर त्यानं हात मागं ओढले. "थिनरनं होतंय गे. सगळ्यांचंच होतंय." हातासाठी त्यानं औषधाच्या दुकानातून मलमाची नळी आणली होती आणि खोकल्यासाठी औषधाची बाटली. दोन्ही एकाच पिशवीत होती. पण हात एक आणि छाती एक, असंच आम्ही सगळे समजत होतो.

आता माझी गोष्ट सांगायला हवी. २०१७ साली मी काही कामानं गोव्याला गेलो असताना त्याच्या गॅरेजात डोकावलो होतो. पत्र्याची शेड, एका कोपऱ्यात प्लास्टिकचा पडदा, पलीकडे कंप्रेसरची धडधड. भाचा नाकाला रुमाल बांधून एका पांढऱ्या मोटारीवर क्लिअर मारत होता. क्लिअर म्हणजे रंगावरचा काचेसारखा चकाकणारा शेवटचा थर. मास्तरकीचा स्वभाव, मला राहवलं नाही. परतीच्या वाटेवर बेळगावला जाऊन दोन बाजूंना फिल्टरच्या डब्या असलेला चांगला महागाचा मास्क घेतला आणि एका गाडीवाल्याबरोबर त्याला पाठवला. वर पत्रात एक व्याख्यानही लिहिलं. पोर आज्ञाधारक. त्यानं तो घातला, रोज घातला. विष नाकावाटे शिरतं, नाक झाकलं की प्रश्न मिटला, असं समजून मी निर्धास्त झालो. आणि मास्क आल्यानंतरच्या वर्षातच त्याला दमा जडला.

२०१९ च्या सुरुवातीला त्याला बेळगावच्या छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर रांगेतल्या प्रत्येकाला आलटून पालटून दोन भाषांत विचारत होता: "केम्मु इदेया? खोकला आहे?" आमच्या आक्काच्या घरी त्यालाच खोंकली म्हणतात. तीन शब्द जवळ असून आम्हांला तो खोकला कशाचा हे समजलं नव्हतं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "सुट्टीत बरं वाटतं का?" मी चवथीची हकिकत सांगितली, काढ्यासकट. ते हसले नाहीत. दुसरा प्रश्न: "हार्डनर वापरता?" भाच्यानं मान हलवली. मग त्यांनी छातीला नळी लावण्याआधी त्याचे दोन्ही हात ओढून दिव्याखाली धरले, उलटसुलट केले आणि विचारलं, "हे कशानं धुता?"

"थिनरनं."

"हातमोजे?"

"घातले तर गनचा चाप नीट लागत नाही, साहेब."

मी मध्येच मास्कचं सांगितलं. जरा अभिमानानंच. ते म्हणाले, "मास्क दिलात ते बरंच केलंत, गुरुजी. पण हात उघडेच होते ना?"

त्यांनी एक फुंकायची नळी दिली. दीर्घ श्वास घेऊन जोरानं फुंकायचं, काटा कुठवर गेला ते वहीत लिहायचं. दिवसातून चार-पाच वेळा, कामाच्या दिवसांत आणि रजेतही, काही आठवडे. वही माझ्याकडे आली. शाळेत तीस वर्षं मी मुलांकडून पावसाचे आलेख काढून घेतले. ह्या वहीचा आलेख मी स्वतः काढला. सोमवारपासून रेघ खाली उतरत जाई, आठवडा संपता संपता तळाला. रजा घेऊन तो दहा दिवस वाडीवर राहिला तेव्हा तीच रेघ आमच्या घाटासारखी चढली. रात्रीच्या खोकल्याचा उलगडाही डॉक्टरांनी केला. ह्या जातीच्या दम्यात पुष्कळदा झटका तासन्‌तासांनी येतो. दुपारी मारलेला रंग रात्री छातीत उतरतो. आम्ही खोलीला दोष देत राहिलो.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट ह्या कुळातली रसायनं असतात. हा शब्द आपल्या देशाला एका रात्रीत पाठ झाला, २-३ डिसेंबर १९८४ च्या, भोपाळच्या. तिथं सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. रंगातला त्याचा भाऊबंद वेगळा आणि त्याची चालही वेगळी. भोपाळला प्रचंड मात्रेनं फुप्फुसं जाळली. इथं थोडीथोडी मात्रा महिनोन्‌महिने अंगाला शिकवत राहते, आणि एकदा अंग शिकलं की नंतर नखाएवढं पुरतं.

शिकतं कुठं, हा प्रश्न. मी धरून चाललो होतो की छातीतच. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं आणि ते समजून घेताना मला माझ्या डाव्या दंडावरचा वण आठवला.

आमच्या लहानपणी सुप्याच्या शाळेत देवी टोचणारा यायचा. त्याच्याकडे दातेरी फिरकी असे. लशीचा थेंब दंडावर ठेवून ती दाबून फिरवायची. मुलं मागच्या दारानं पळत, मीही पळालो होतो. तो वण अजून नाण्याएवढा आहे, चाळिशीच्या आतल्यांना तो नसतो. १९७५ नंतर देशातून देवी गेल्या, १९८० साली जगातून गेल्याची घोषणा झाली. आता गंमत पाहा. देवीचा रोग अंगात शिरायचा तो मुख्यतः श्वासावाटे. आणि त्याचा बंदोबस्त आपण केला कातडीवर. दंडाला खरवडलं आणि घशाला पहारा बसला. कातडीला मिळालेली शिकवण सगळ्या देहाला मिळते, ह्याचा दाखला मी साठ वर्षं दंडावर वागवत होतो आणि तरी भाच्याला फक्त मास्क पाठवला.

त्याच्याही मागे जाता येतं. १७९६ च्या मे महिन्यात एडवर्ड जेन्नरनं जेम्स फिप्स ह्या आठ वर्षांच्या मुलाला लस टोचली ती सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरच्या फोडातून. गाई पिळणाऱ्यांच्या हातांवर गोस्तन देवीचे फोड येतात आणि त्यांना देवी होत नाहीत, ही खेड्यातली माहिती होती. म्हणजे लशीचा उगमच मुळी कामाच्या जागी हाताला लागलेल्या पदार्थात आहे. गवळणीच्या हातानं तिला वाचवलं, माझ्या भाच्याच्या हातानं त्याला धोका दिला. रस्ता तोच.

हा रस्ता आपल्या भाषेला ठाऊक नाही असंही नाही. पायाला काटा लागून पिकला की जांघेत गाठ येते. आपण म्हणतो अवधाण आलं. हाताला लागलं तर काखेत. कातडीतल्या पहारेकरी पेशी परका पदार्थ उचलतात, त्या गाठीपर्यंत नेतात, तिथं ओळख पटवली जाते आणि ती ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी रक्ताबरोबर सगळीकडे, फुप्फुसातही, जातात. आयसोसायनेटचा कण फारच लहान. एकटा असता तर पहारेकऱ्यांच्या नजरेत भरला नसता. पण तो अंगच्या प्रथिनांना चिकटतो आणि आपलंच प्रथिन परक्याच्या वेषात उभं राहतं. त्यात थिनरनं कातडीची चरबी धुऊन काढलेली, जागोजाग चिरा. म्हणजे दार उघडं.

ही नुसती कल्पना नव्हे. १९८१ साली अमेरिकेत मेरिल कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनिपिगांच्या कातडीवर टोल्युइन डायआयसोसायनेट लावलं. फोमच्या गाद्या करताना वापरतात ते हे. ज्या प्राण्यांनी ते कधी हुंगलंही नव्हतं, त्यांना नंतर त्याची थोडी वाफ दिली तर त्यांच्यातल्या काहींचा श्वास बिघडला. माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, करूही नये. शिवाय रंगाऱ्याच्या हाताला आणि नाकाला रसायन एकाच दिवशी लागतं, त्यामुळे दोष कुणाचा किती हे तराजूत घालून सांगता येत नाही. माझ्या भाच्याच्या बाबतीतही डॉक्टरांनी शपथेवर काही सांगितलं नाही. पण येल विद्यापीठाच्या मंडळींनी मोटारी रंगवणाऱ्यांचे हात पुसून पाहिले तेव्हा हातमोज्याच्या आतही आयसोसायनेट सापडलं. पातळ रबरी मोजे त्याला नीट अडवत नाहीत, नायट्राइलचे बरे. आणि वरून वाळलेला दिसणारा क्लिअर आत बराच काळ कच्चा राहतो. हे ऐकून भाचा गप्प झाला. थर वाळला की नाही हे तो बोट लावून पाहत असे. दिवसातून किती वेळा, त्याला सांगता येईना.

बिब्याशी ह्याची तुलना मी करून पाहिली. आमच्या रानात बिबा आहे, त्याचा जातभाई होळगेरूही आहे. कन्नडातलं हे नाव, आम्हीही तेच वापरतो. त्याचा चीक अंगाला लागून काळा पडतो, फोड येतात. बिबा कुणाला उततो, कुणाला नाही. आणि ज्याला एकदा उतला त्याला पुढं डाग लागला तरी उततो, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणजे अंग कातडीतून शिकतं हे आम्हांला ठाऊक होतंच. फक्त बिब्याची शिक्षा बहुतेक कातडीवरच निभावते, हार्डनरची आठवण अंग छातीत काढतं. तेवढा फरक ओळखायला आम्ही चुकलो.

बाहेरच्या जगात शहाणी माणसंही चुकली आहेत. जपानात तोंड धुण्याच्या एका साबणात गव्हाचं विरघळवलेलं प्रथिन घातलं होतं. बायकांनी तो मनोभावे वापरला, आणि आयुष्यभर पाव-शेवया खाल्लेल्या त्या बायकांच्या पापण्या गहू खाल्ल्यावर सुजू लागल्या, काहींचा श्वास कोंडला, काही बेशुद्ध झाल्या. २०११ साली तो साबण परत मागवला गेला, तोवर दोन हजारांहून अधिक माणसं बाधली होती. पोटानं ज्याला घरचं मानलं होतं त्याला कातडीनं परकं ठरवलं. दुसरी गोष्ट ॲरिझोनातल्या बेरिलियम ऑक्साइडची भांडी घडवणाऱ्या कारखान्याची (भांडी म्हणजे विजेच्या कामातले चिनी मातीसारखे भाग). बेरिलियमचा रोग दम्याहून वेगळा, पण फुप्फुसाचाच. तिथं आधी हवा स्वच्छ केली तरी नवे कामगार बाधतच होते. २००० पासून श्वासाबरोबर कातडीचंही रक्षण सुरू केलं तेव्हा आकडा उतरला.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याला जोडलेली एक यादी होती, डॉक्टरांनी सरकारला कळवायच्या रोगांची. तीत रसायनं आणि रंग लागून होणारा कातडीचा रोग एका ओळीत होता, आयसोसायनेटची बाधा दुसऱ्या ओळीत. दोन ओळींमधल्या जागेत माझा भाचा होता. तसा तो कायद्यातही नव्हताच. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असतील तरच कारखाना, अशी त्या कायद्याची व्याख्या; २०२० च्या संहितेनं तो आकडा वीस केला. त्याच्या शेडमध्ये सहाजण. युरोपात २४ ऑगस्ट २०२३ पासून असं रसायन धंद्यात हाताळणाऱ्याला आधी शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. भाच्याला जे शिक्षण मिळालं ते डब्यावरच्या कागदानं. तो डबा मी मागून घेतला होता, रिकामा. त्यावर कातडीबद्दलची सूचना होती. अगदी स्पष्ट होती. पण इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. भाचा चौथीपर्यंत माझ्या मराठी शाळेत, पुढं दहावीपर्यंत कन्नडात, घरी कोंकणी. आम्ही सीमाभागातली माणसं पाटी कुठल्या भाषेत असावी ह्यासाठी आयुष्यभर भांडलो. त्या डब्यासाठी कुणी भांडलं नाही, मीसुद्धा नाही.

काम सोडावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. औषध घेत घेत तिथंच राहणं म्हणजे आग न विझवता पंख्यानं धूर घालवणं. जितकं लवकर सोडाल तितकी छाती सुधारण्याची आशा. आक्कानं विचारलं, "मग खाईल काय?" ह्याला डॉक्टरांकडे चिठ्ठी नव्हती. रंगात हात बसलेला कारागीर. दोन रंग मिसळून जुन्या मोटारीचा नेमका रंग काढणं त्याला साधलं होतं, मालक त्याचं नाव सांगत असे. ते कसब अंगात असून आता अंगालाच चालत नव्हतं. चार महिने त्यानं निर्णय लांबवला. मी त्याला दोष देत नाही. शेवटी एका रात्री त्याच्याबरोबर राहणाऱ्या मुलांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं, तेव्हा २०१९ च्या पावसाळ्यापूर्वी तो घाट चढून परत आला.

आता तो गणेशगुडीकडे पर्यटकांची जीप चालवतो. पैसा निम्मा, तोही हंगामापुरता. हात पहिल्या वर्षातच बरे झाले. छाती पुष्कळ सुधारली, पण पूर्ववत नाही. फुंकायची नळी गणपतीच्या कोनाड्यात असते. रामनगरात कुठल्या गॅरेजात रंगाचं काम चाललेलं दिसलं की तो काच वर करून गाडी पुढं काढतो. मास्क परसात खुंटीला होता. मीच तो काढून ठेवला.

गेल्या चवथीला शेजारच्या वाडीतला एक मुलगा आला. बारावी झालेला, नवी चप्पल, नवा मोबाइल. गोव्यात रंगाच्या कामाला लागतोय, ओळखीनं चांगला मालक मिळेल का, म्हणून विचारायला. आक्कानं त्याला मोदक दिले. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मुलालाच अवघडल्यासारखं झालं असावं, तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्क घेतलाय मी गुरुजी. चांगला, डबीचा."

भाचा उठला, ओट्यावरचा दिवा लावला आणि त्याला म्हणाला, "हात दाखव बघू."